रिकाम्या दप्तराची संस्था : सिग्नल

संस्थेचा इतिहास लिहायला बसलेला माणूस आधी दप्तर मागतो. स्थापनेच्या सभेचं इतिवृत्त, सभासदांची नोंदवही, जमाखर्चाच्या वह्या, आवक-जावक रजिस्टर, जमल्यास एखादा पिवळा पडलेला ग्रुप फोटो. एवढं हाती आलं की स्मरणिकेची दहा-बारा पानं सहज निघतात. या स्मरणिकेच्या 'संस्था-परिचय' विभागासाठी मी निवडलेल्या संस्थेच्या बाबतीत ही सोय नाही. कोट्यवधी लोक तिची सेवा वापरतात; पण ते कोण, कोणाशी बोलतात, कोणत्या ग्रुपमध्ये आहेत, याची वही तिने ठेवलेलीच नाही. हा गलथानपणा नव्हे, तेच तिचं काम. अ‍ॅपचं नाव सिग्नल, आणि ते चालवते कॅलिफोर्नियातल्या माउंटन व्ह्यू इथली सिग्नल टेक्नॉलॉजी फाउंडेशन ही ना-नफा संस्था.

तरी तिचा इतिहास लिहिता येतो. कोर्टाचे कागद, करखात्याकडे भरलेली विवरणपत्रं आणि प्रोग्रामचा मूळ कोड हे सगळं उघड्यावर आहे. वापरणाऱ्याबद्दल चकार शब्द नाही आणि स्वतःबद्दल बहुतेक सगळं चव्हाट्यावर, असा हा उलटा कारभार.

मुहूर्तमेढ रोवली ती एका कंपनीच्या रूपात. मॉक्सी मार्लिनस्पाइक या टोपणनावानेच जगभर ओळखला जाणारा, शिडाच्या बोटींचा नाद असलेला एक संगणक-सुरक्षातज्ज्ञ होता. ब्राउझरमधला सुरक्षित जोड वापरणाऱ्याच्या नकळत साध्या, उघड्या जोडावर कसा उतरवता येतो, हे २००९ साली दाखवून त्याने त्या क्षेत्रात खळबळ उडवून दिली होती. त्याने आणि यंत्रमानवशास्त्रातल्या स्टुअर्ट अँडरसनने २०१० मध्ये व्हिस्पर सिस्टिम्स काढली. मे महिन्यात अँड्रॉइड फोनसाठी दोन अ‍ॅप आली. टेक्स्टसिक्युअर एसएमएस कूटबद्ध करायचं, रेडफोन बोलणं. २०११ च्या सुरुवातीला इजिप्तमध्ये लोक रस्त्यावर उतरले तेव्हा ही सेवा तिथेही खुली करण्यात आली.

त्याच वर्षी नोव्हेंबरात ट्विटरने कंपनी विकत घेतली आणि रेडफोन बंद पडला. ज्यांना त्याची खरी गरज होती त्यांच्याच हातातून तो गेला, म्हणून बरीच टीका झाली. महिनाभरात टेक्स्टसिक्युअरचा कोड मुक्त परवान्याखाली खुला झाला, जुलै २०१२ मध्ये रेडफोनचाही. कंपनी गेली, कोड राहिला. मला विचाराल तर संस्थेची खरी स्थापना ही. मालक बदलला म्हणून काम बंद पडू नये, ही सगळी पुढची धडपड या प्रसंगातून निघालेली दिसते.

कंपनीबरोबर ट्विटरमध्ये गेलेल्या मार्लिनस्पाइकने ते सोडून जानेवारी २०१३ मध्ये ओपन व्हिस्पर सिस्टिम्स सुरू केली. ही कंपनी कमी आणि मंडळ जास्त. मोजके पगारी प्रोग्रामर, बाकी हौशी मदतनीस, पैसा देणग्यांचा. फ्रीडम ऑफ द प्रेस फाउंडेशन, नाइट फाउंडेशन, शटलवर्थ फाउंडेशन यांनी हातभार लावला, आणि अमेरिकी सरकारच्या पैशावर चालणाऱ्या ओपन टेक्नॉलॉजी फंडानेही. या शेवटच्या नावावरून आजही वाद होतात: सरकारचा पैसा घेऊन सरकारपासून लपवायचं साधन कसं बनेल? प्रश्न गैर नाही. पण कोड जगासमोर पडलेला आहे, आणि त्यात खोट काढायला टपलेल्या विद्यापीठीय मंडळींची वाण नाही. धान्य कोणाच्या पैशाने आणलं यापेक्षा जेवण काय वाढलं ते बघावं.

आता थोडं तांत्रिक, कारण ते टाळलं तर या संस्थेने नेमकं केलं काय, हेच राहून जाईल.

निरोप कूटबद्ध करण्याची युक्ती जुनी आहे. फिल झिमरमन यांचं पीजीपी १९९१ पासून होतं. त्यात प्रत्येकाची एक कायमची किल्ली. ती वापरायची कटकट एवढी की जाणकारही कंटाळत. आणि ती एकदा चोरीला गेली की मागची सगळी पत्रं वाचायला मोकळी. २००४ मध्ये निकिता बोरिसोव्ह, इयन गोल्डबर्ग आणि एरिक ब्रूअर यांनी 'ऑफ द रेकॉर्ड' नावाची पद्धत मांडली: बोलता बोलता किल्ल्या बदलायच्या, वापरलेल्या फेकून द्यायच्या. अडचण एवढीच, की दोघंही एकाच वेळी ऑनलाइन हवेत. संगणकासमोर बसून गप्पा मारणाऱ्यांना हे चाललं असतं. मोबाइलला कसं चालणार? समोरचा फोन घाटात रेंजबाहेर असतो, चार्जिंग संपून पडलेला असतो, मालक झोपलेला असतो.

मार्लिनस्पाइक आणि ट्रेव्हर पेरिन यांनी २०१३ पासून या अडचणीला हात घातला. अ‍ॅप बसवलं की फोन आपणहून एकेकदाच वापरायच्या किल्ल्यांची एक चळत तयार करतो आणि त्यांचा जाहीर करण्याजोगा अर्धा भाग संस्थेच्या सर्व्हरवर ठेवून देतो. गुप्त अर्धा भाग फोनमधून हलत नाही. कोणाला तुम्हाला निरोप धाडायचा असेल तर त्याचा फोन त्या चळतीतली एक किल्ली उचलतो, स्वतःच्या किल्लीशी तिचं गणित जुळवतो आणि निरोप बंद करून पाठवतो. तुम्ही झोपलेले असलात तरी चालतं. सकाळी तुमचा फोन तेच गणित आपल्या बाजूने करतो आणि निरोप उघडतो. मधल्या सर्व्हरने सगळी ने-आण केलेली असते, पण त्याला वाचता काहीच येत नाही.

यापुढची पायरी जास्त महत्त्वाची. प्रत्येक निरोपाला नवी किल्ली, आणि ती आधीच्या किल्लीपासून अशी काढायची की उलटं जाता येऊ नये. सायकलच्या फ्रीव्हीलसारखं हे आहे: पायडल उलटं मारलं तर नुसता कट्कट् आवाज, चाक काही मागे जात नाही. आज कोणी फोनमधली चालू किल्ली लांबवली तरी कालचे निरोप त्याला उघडत नाहीत. शिवाय समोरून उत्तर आलं की दोन्ही फोन ताज्या गणिताने नव्या किल्ल्यांची साखळी सुरू करतात, म्हणजे चोराला उद्याचे निरोपही उघडेनासे होतात. पुढे फिरणारी अशी दोन चाकं एकात एक बसवलेली, म्हणून या रचनेला डबल रॅचेट म्हणतात. फेब्रुवारी २०१४ मध्ये टेक्स्टसिक्युअरच्या दुसऱ्या आवृत्तीत ती आली, त्याच वेळी ग्रुपही आले. २०१७ मध्ये मार्लिनस्पाइक आणि पेरिन यांना या कामासाठी लेव्हचिन पुरस्कार मिळाला. वापरणाऱ्याला यातलं काही दिसत नाही. त्याला दिसते एक टाइप करायची चौकट आणि पाठवायचं बटण. कूटशास्त्राने सामान्य माणसाला आजवर जो त्रास दिला तो काढून टाकणं, हे मला त्यातल्या गणिताइतकंच मोठं काम वाटतं.

जुलै २०१४ मध्ये आयफोनसाठी सिग्नल आलं, नोव्हेंबर २०१५ मध्ये टेक्स्टसिक्युअर आणि रेडफोन एकत्र होऊन अँड्रॉइडवरही सिग्नल हेच नाव पडलं. त्याच सुमाराला, अमेरिकी सरकारची पाळत उघडकीला आणणाऱ्या एडवर्ड स्नोडेन यांनी आपण हे अ‍ॅप रोज वापरतो, असं जाहीरपणे सांगितलं. मोठी जाहिरात परवडत नसलेल्या संस्थेला यापेक्षा जास्त काय हवं?

वाचकांपैकी बहुतेकांनी सिग्नल कधी उघडलं नसेल, तरी या संस्थेचं काम त्यांच्या खिशात आहे. व्हॉट्सअ‍ॅपच्या कुठल्याही चॅटच्या वरच्या टोकाला निरोप एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड असल्याची एक ओळ दिसते. ती आपण वाचत नाही, पण ती ज्या यंत्रणेबद्दल आहे ती इथली. नोव्हेंबर २०१४ मध्ये दोघांच्या सहकार्याची घोषणा झाली आणि एप्रिल २०१६ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपच्या तेव्हाच्या शंभर कोटींहून जास्त वापरकर्त्यांचे निरोप, फोटो, कॉल सगळे या पद्धतीने बंद होऊ लागले. त्याच वर्षी फेसबुक मेसेंजरच्या गुप्त संभाषणांत ती आली, पुढे स्काइपमध्ये आणि गूगलच्या मेसेजेसमध्येही. एवढ्याशा मंडळाने केलेलं सर्वांत मोठं काम दुसऱ्यांच्या दुकानात मांडलेलं आहे.

मग सिग्नल वेगळं कशाला हवं? याचं उत्तर २०१६ च्या पूर्वार्धात आलेल्या एका समन्सने दिलं.

व्हर्जिनियाच्या पूर्व जिल्ह्यातल्या फेडरल ग्रँड ज्युरीकडून ते आलं होतं. दोन फोन नंबर दिले होते आणि त्यांच्या मालकांबद्दल संस्थेकडे असेल नसेल ती माहिती मागितली होती: नाव, पत्ता, ईमेल, आयपी पत्ते, पैसे कशाने भरले, सगळं. वर वर्षभर वाच्यता न करण्याचा हुकूम. एका नंबरचं सिग्नलवर खातंच नव्हतं. दुसऱ्याबद्दल संस्थेने जे होतं ते सगळं दिलं. ते दोन आकडे होते: खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं. बस्स. अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियनच्या वकिलांनी गप्प बसण्याचा हुकूम बराचसा उठवून घेतला आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये ही कागदपत्रं प्रसिद्ध झाली. इतर कंपन्या अशा वेळी आपण कायद्याचं पालन करतो आणि ग्राहकाचीही काळजी घेतो, असं गुळमुळीत पत्रक काढतात. इथे पालन शंभर टक्के झालं. द्यायलाच काही नव्हतं. अशी समन्सं पुढेही आली, आणि तीही संस्थेने आपल्या संकेतस्थळावर लावली.

निरोपातला मजकूर बंद असला तरी कोण कोणाशी, किती वाजता, किती वेळा बोललं यातूनही माणूस उघडा पडतो. रात्री ११ वाजता डॉक्टरला, मग वकिलाला, मग पत्रकाराला निरोप गेला हे कळलं तर मजकूर वाचायची गरज काय? सिग्नलची नंतरची कित्येक वर्षं याच्याच मागे गेली. फोनमधल्या संपर्क यादीतले कोण सिग्नलवर आहेत हे ती यादी न बघता कसं सांगायचं, यावर २०१७ मध्ये प्रोसेसरच्या बंदिस्त कप्प्यातला उपाय निघाला. ऑक्टोबर २०१८ मध्ये पाठवणाऱ्याचं नाव पाकिटावरून काढून आत घालण्याची सोय झाली. प्रोफाइलमधलं नाव, फोटो, ग्रुपचं नाव आणि ग्रुपमधली माणसं हेही सर्व्हरला दिसेनासं केलं गेलं. ठरावीक वेळाने आपोआप नाहीसे होणारे निरोप २०१६ मध्येच आले होते.

हे सगळं फुकट होत नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये फाउंडेशन स्थापन झाली ती ब्रायन अ‍ॅक्टन यांच्या ५ कोटी डॉलरवर. अ‍ॅक्टन म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपच्या दोन संस्थापकांपैकी एक. याहूत नोकरी केलेल्या अ‍ॅक्टन आणि यान कूम या दोघांनी २००९ मध्ये सुरू केलेलं अ‍ॅप २०१४ मध्ये फेसबुकने १९ अब्ज डॉलरला घेण्याचं ठरवलं. जाहिरातींतून पैसा काढण्यावरून मतभेद झाले आणि सप्टेंबर २०१७ मध्ये अ‍ॅक्टन बाहेर पडले, तेही हाती यायचे सुमारे ८५ कोटी डॉलरचे शेअर मागे सोडून. काही महिन्यांत फेसबुक काढून टाका असं त्यांनी ट्विटरवर लोकांना सांगितलं आणि उरलेली शक्ती या छोट्या संस्थेमागे लावली. आपापली कंपनी विकली गेलेल्या दोन माणसांचे अनुभव इथे एकत्र आले. फाउंडेशन हा प्रकार विकता येत नाही, याचं महत्त्व दोघांनाही कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

जानेवारी २०२१ चा महिना आपल्याकडच्या वाचकांना आठवेल. व्हॉट्सअ‍ॅपने गोपनीयतेच्या नव्या अटी पुढे केल्या, ८ फेब्रुवारीपर्यंत मान्य करा म्हणून. इलॉन मस्क यांनी ७ जानेवारीला सिग्नल वापरा एवढंच ट्विट केलं, तर नावात सिग्नल असलेल्या भलत्याच एका कंपनीचा शेअर अनेक पटींनी वर गेला. भारतातल्या अ‍ॅप स्टोअरवर सिग्नल फुकट अ‍ॅपमध्ये पहिल्या क्रमांकावर पोचलं. व्हॉट्सअ‍ॅपला आपल्या वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती देऊन खुलासा करावा लागला आणि मुदत १५ मेपर्यंत वाढवावी लागली. अँड्रॉइडवर सिग्नलच्या डाउनलोडचा आकडा काही दिवसांत १ कोटीवरून ५ कोटींच्या वर गेला, आणि १५ जानेवारीला सर्व्हरने मान टाकली. ते पूर्ववत व्हायला साधारण एक दिवस लागला. अ‍ॅप मराठीतही चालतं, ही गोष्ट पुष्कळांना त्या आठवड्यात प्रथम कळली असावी. त्यानंतर काय झालं ते प्रत्येकाने आपल्याच फोनवर बघावं. सोसायटीचा ग्रुप, शाळेचा ग्रुप, लग्नाच्या कार्यालयाचा ग्रुप हे सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर. माणसं तत्त्वासाठी अ‍ॅप उतरवतात, पण राहतात तिथे जिथे आत्या-मावश्या आहेत.

स्मरणिकेत संस्थेचे दोष लिहायची पद्धत नाही, पण ते वगळले तर हा इतिहास न होता मानपत्र होईल. २०२१ मध्ये अ‍ॅपमधून मोबाइलकॉइन नावाच्या कूटचलनात पैसे पाठवायची सोय आणली गेली. मार्लिनस्पाइक स्वतः त्या चलनाच्या प्रकल्पाचे तांत्रिक सल्लागार होते. निरोपाच्या साध्या अ‍ॅपला हे लचांड कशाला, हा सवाल संस्थेच्या चाहत्यांनीच केला. त्याच्या आधी जवळजवळ वर्षभर सर्व्हरचा नवा कोड प्रसिद्धच झाला नव्हता. उघडेपणावर उभ्या राहिलेल्या संस्थेला हे शोभलं नाही. आणि फोन नंबरशिवाय खातं उघडता येत नाही, ही तक्रार तर पहिल्यापासूनची. ती किती खरी होती ते ऑगस्ट २०२२ मध्ये दिसलं. ओटीपी पाठवण्याचं काम जिच्याकडे होतं त्या ट्विलिओ कंपनीत घुसखोरी झाली आणि सिग्नलच्या सुमारे १,९०० वापरकर्त्यांचे नंबर उघडे पडण्याची शक्यता निर्माण झाली. हल्लेखोरांनी त्यातले तीन नंबर मुद्दाम शोधले होते. निरोपांना धक्का लागला नाही, पण दार कुठे किलकिलं आहे ते कळलं. नंबर लपवून नुसत्या युजरनेमवर बोलण्याची सोय फेब्रुवारी २०२४ मध्ये झाली. खातं उघडायला नंबर लागतोच.

मार्लिनस्पाइक जानेवारी २०२२ मध्ये पायउतार झाले. काही महिने अ‍ॅक्टन यांनी गाडा हाकला आणि सप्टेंबरात मेरेडिथ व्हिटकर अध्यक्ष झाल्या. गूगलमध्ये तेरा वर्षं काढलेल्या आणि तिथल्या २०१८ च्या कर्मचाऱ्यांच्या मोठ्या कामबंद आंदोलनाच्या संघटकांपैकी एक असलेल्या व्हिटकर बोलायला सडेतोड. ब्रिटनच्या ऑनलाइन सुरक्षा विधेयकाने एन्क्रिप्शन कमकुवत करायला लावलं तर देश सोडू, असं त्यांनी २०२३ मध्ये साफ सांगितलं. हाच प्रश्न आपल्याकडेही आहे. फेब्रुवारी २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत निरोप मुळात कोणी पाठवला ते शोधून द्यायची अट मोठ्या सेवांवर आहे, आणि व्हॉट्सअ‍ॅप तिच्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेलेलं आहे. चीन, इराण, रशिया अशा देशांत सिग्नलवर बंदी आहे, तर अमेरिकेच्या सत्ताधाऱ्यांनाच ते प्रिय. येमेनमधल्या हूथींवरच्या हल्ल्याची चर्चा मार्च २०२५ मध्ये तिथल्या बड्या अधिकाऱ्यांनी सिग्नलच्या ग्रुपवर केली आणि 'द अटलांटिक'चे संपादक जेफ्री गोल्डबर्ग यांना चुकून त्यात घेतलं. एन्क्रिप्शनने आपलं काम चोख केलं. ग्रुपमधल्या प्रत्येकाला, म्हणजे संपादकांनाही, निरोप सुखरूप पोचले.

व्हिटकर यांच्या काळातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांनी जाहीर केलेला हिशेब. फुकट मिळणाऱ्या सेवेचा खर्च कोणीतरी कलमवार सांगावा, हे क्वचित घडतं. यंत्रणेवर वर्षाला साधारण १ कोटी ४० लाख डॉलर. त्यात साठवणुकीचे १३ लाख, सर्व्हरचे २९ लाख, बँडविड्थचे २८ लाख. आणि सर्वांत मोठं कलम कोणतं? नव्या खात्याची खातरजमा करणाऱ्या ओटीपीचं, ६० लाख. एसएमएसला पर्याय म्हणून जन्मलेल्या अ‍ॅपचं सर्वांत मोठं बिल एसएमएसचं आहे. पगारावर आणखी सुमारे १ कोटी ९० लाख. माणसं मात्र पन्नासच्या आसपास. २०२५ पर्यंत वर्षाचा खर्च ५ कोटी डॉलरवर जाईल, असा अंदाज त्यातच दिलेला होता.

जमेच्या बाजूला लाखो लोकांच्या छोट्या देणग्या आहेत आणि अ‍ॅक्टन यांचा पैसा आहे. तो दान नाही, कर्ज आहे. विवरणपत्रांप्रमाणे २०१८ अखेर ते १० कोटी ५० लाख ४०० डॉलर झालं होतं. बिनव्याजी, बिनतारणी, फेडायची तारीख २८ फेब्रुवारी २०६८. जाहिरात घ्यायची नाही, माहिती विकायची नाही, मग खर्च वाढला की वर्गणी वाढवायची किंवा एखादी सेवा दाम लावून द्यायची, एवढेच मार्ग उरतात. सप्टेंबर २०२५ मध्ये संस्थेने दुसरा धरला. निरोपांचा कूटबद्ध बॅकअप संस्थेच्या सर्व्हरवर ठेवता येऊ लागला. गेल्या ४५ दिवसांचे फोटो-व्हिडिओ फुकट, त्याहून जास्त हवे असतील तर १०० गिगाबाइटपर्यंत महिना १.९९ डॉलर. तो उघडायला ६४ अक्षरांची किल्ली लागते आणि ती हरवली तर संस्थाही काही करू शकत नाही. पैसे मोजून घ्यायची सिग्नलची ही पहिली सेवा.